निखर्वाची नोट

मराठी अंकलेखनात कोटीच्या पुढे अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म अशी पायऱ्यांची परंपरागत माळ आहे; पण ती पाठ करणाऱ्या पिढ्यांना व्यवहारात कोटीची पायरीही क्वचितच चढावी लागली, आणि निखर्व, म्हणजे एकावर अकरा शून्ये, एवढी रक्कम बाजारहाटाला निघालेल्या माणसाच्या खिशात असू शकेल, असे त्या पाठांतरातून कोणाच्या मनात आले नसावे. ३ नोव्हेंबर १९४४ ही तारीख असलेली ग्रीसची नोट मात्र नेमकी निखर्व द्राख्मांची आहे. द्राख्मा हे ग्रीसच्या त्या काळच्या चलनाचे नाव. मुळशी तालुक्यातील पौड खोऱ्यात वाढलेल्या एका संग्राहकाच्या अल्बममध्ये ही नोट भारत सरकारच्या १९४० सालच्या एक रुपयाच्या नोटेसमोर ठेवलेली आहे, आणि या दोन कागदांमधले अंतर समजून घेण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षे गेली आहेत.

रुपयाची नोट घरातलीच. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या भागांतून माणसे मुंबईला डबे पोहोचवण्याच्या कामाला जात आली. त्या घरातील आजोबाही तसेच गेलेले, आणि त्यांच्यामागे पत्र्याच्या ट्रंकेत जे उरले त्यात ही चार घड्यांची नोट होती. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर लोक चांदीचे रुपये घरात दडवू लागले, नाण्यांची चणचण झाली, तेव्हा ऑगस्ट १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट पुन्हा काढली. पुन्हा म्हणायचे ते अशासाठी, की अशीच नोट पहिल्या महायुद्धात, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, चांदी महागल्यामुळे निघाली होती. इतर नोटा रिझर्व्ह बँकेच्या, आणि त्यांवर धारकाला रक्कम देण्याचे वचन छापलेले. रुपयाची नोट मात्र कायद्याने नाणेच मानलेली, म्हणून ती सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही, आणि वचन कोठेच नाही. वचनाच्या जागी जणू नाण्याचे चित्र आहे: सहाव्या जॉर्जच्या मुखाचा रुपया एका बाजूला, त्याच रुपयाची पाठ दुसऱ्या बाजूला. ज्या साली हे चित्र छापले गेले, त्याच साली खऱ्या रुपयातील चांदीही अकरा बारांशांवरून निम्म्यावर आली. रुपया दगडावर वाजवून घेण्याची सवय असलेल्या त्या घरातल्या आजीचा या कागदावर शेवटपर्यंत पुरता विश्वास बसला नाही, आणि तिचा संशय अडाणीपणाचा होता असे आज म्हणवत नाही.

या खोऱ्यात मूल्य मोजण्याची जुनी रीत कागदाशी बांधलेली नव्हतीच. बलुतेदारांचा मोबदला खळ्यावर धान्यात चुकता होई, आणि आंबेमोहराची पायली ही सर्वांना कळणारी, खाऊन संपणारी आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पिकणारी किंमत होती. जलविद्युत धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या मुळशी सत्याग्रहाची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. त्या दोन शब्दांच्या मध्ये रोख भरपाईला जागा ठेवलेली नव्हती, ही गोष्ट या संग्राहकाला ग्रीसच्या नोटा हाती आल्यावर अधिक स्पष्टपणे उमगली.

त्या नोटा आल्या पुण्याच्या जुन्या बाजारातून, जो बुधवारी आणि रविवारी भरतो. पहिली होती २९ डिसेंबर १९४२ ची दहा हजारांची: एका बाजूला डेल्फीचे तरुण शेतकरी जोडपे, दुसऱ्या बाजूला डेल्फी येथीलच अथेन्सवासीयांचे प्राचीन कोषगृह. लिपी वाचता येत नव्हती, पण अंक वाचता येत होते, आणि एवढ्या मोठ्या अंकाची नोट इतक्या थोड्या पैशांत का मिळावी, हा प्रश्न त्याला इतिहासाकडे घेऊन गेला.

एप्रिल १९४१ मध्ये ग्रीस जर्मनी, इटली आणि बल्गेरिया यांच्या ताब्यात गेला, आणि तेथे राहणाऱ्या परकीय फौजांचा खर्चही त्याच देशावर लादला गेला. उत्पादन आणि करवसुली कोलमडलेली असताना हा खर्च भागवण्याचा उपाय म्हणजे नोटा छापणे, हाच उरला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसे भुकेने रस्त्यावर मेली. त्यानंतर निघालेल्या जून १९४२ च्या पाच हजारांच्या नोटेवर पेरणी आणि नांगरणी करणारे शेतकरी आहेत. भाताच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला ती नोट पाहताना जे वाटते ते किमतीच्या यादीत मावणारे नाही. लोकांनी हळूहळू द्राख्मात मोजणेच सोडले. मोठे व्यवहार ब्रिटिश सोन्याच्या सॉव्हरिनमध्ये, घरगुती देवघेव ऑलिव्ह तेलात होऊ लागली, म्हणजे आपल्याकडच्या पायलीसारखेच एक माप तेथे परत आले. ऑक्टोबर १९४४ मध्ये किमती चार-पाच दिवसांत दुप्पट होत होत्या. अथेन्सहून नोटा पोहोचणे कठीण झाल्यामुळे पात्रास, कालामाता अशा शहरांतील बँकेच्या शाखांनी आपल्यापुरत्या नोटा काढल्या, त्याही याच वर्षातल्या.

चित्ररचनेचा अभ्यास हा या संग्रहाचा खरा गाभा ठरला, कारण आकड्यांनी जे लपवले ते चित्रांनी उघड केले. १९४२ च्या नोटांवर त्या काळची माणसे आहेत: थासोस बेटाच्या पारंपरिक पोशाखातील मुलगी, डेल्फीचे जोडपे, कामगार, कोळी. पुढे शून्ये वाढत गेली तशी जिवंत माणसे मागे सरली आणि प्राचीन शिल्पे व नाणी पुढे आली. पाच लाखांवर झ्यूस, दहा लाखांवर समुद्रतळातून निघालेला अँटिकिथेराचा काशाचा युवक, दोन अब्जांवर पार्थेनॉनचा शिल्पपट. ऑगस्ट १९४३ च्या पंचवीस हजारांवरील, ग्रीक पुराणकथांतली दिदामिया सव्वा वर्षाने निखर्वावर पुन्हा दिसते, आणि जुलै १९४४ च्या पन्नास लाखांवरील अरेथुसा, जी मुळात सिराक्यूजच्या चांदीच्या नाण्यावरची जलदेवता, ती ऑक्टोबरमध्ये खर्वाच्या नोटेवर येते. नवे चित्र रेखायला उसंत उरलेली नव्हती. रंगही एकदोनांवर आले. पण सर्वांत बोलकी आहे ती जानेवारी १९४४ ची एक लाखाची नोट, कारण तिच्यावर अथेन्सचे चार द्राख्मांचे प्राचीन नाणे आहे, ज्यात सुमारे १७ ग्रॅम चांदी असे आणि जे दूरदूरच्या बंदरांत निःशंकपणे स्वीकारले जाई. आजोबांच्या नोटेवरचा रुपयाही असाच होता. नाणे ज्या वेळी हातातून निसटत असते, नेमकी त्याच वेळी कागदावर त्याचे चित्र काढण्याची गरज दोन्ही सरकारांना भासली, हे साम्य योगायोगाचे मानता येत नाही.

११ नोव्हेंबर १९४४ रोजी जुन्या ५,००० कोटी द्राख्मांची एक नवी द्राख्मा झाली, म्हणजे आठ दिवसांपूर्वीच्या तारखेची निखर्वाची नोट दोन नव्या द्राख्मांची ठरली. नवा दर होता पौंडाला ६००. रुपया तेव्हा दीड शिलिंगाचा असल्याने पौंडाचे सव्वातेरा रुपयांहून थोडे अधिक होत. त्या हिशेबाने निखर्व द्राख्मांचा मोबदला पाऊण आण्याच्याही आतला. भारतातही युद्धाचा खर्च नोटा छापून भागवला जात होता, चलनातील नोटा पाच-सहा पटींनी वाढल्या होत्या आणि तांब्याच्या बचतीसाठी १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला होता. बंगालमधील त्या वर्षीचा दुष्काळ या महागाईपासून वेगळा काढता येत नाही. तरीही आजोबांच्या रुपयाला दुकानात रुपयाचा माल मिळत राहिला, थोडा कमी कमी होत गेला तरी.

आज ग्रीसच्या बहुतेक युद्धकालीन नोटा स्वस्तात मिळतात, कारण त्या अमाप छापल्या गेल्या आणि निरुपयोगी होऊन जशाच्या तशा उरल्या. संग्राहक नोटेची प्रत ठरवताना घड्या, डाग, टाचणीची छिद्रे आणि कडांची धार पाहतात; कधीच न वापरलेली नोट सर्वांत वरच्या प्रतीची. हे ठाऊक नसताना, तारुण्यातल्या उत्साहात, या संग्राहकाने पेरणीची नोट ओल्या फडक्याखाली इस्त्री करून सरळ केली, आणि तिच्या कागदाचा जिवंतपणा कायमचा गेला. ती चूक आपली होती हे मान्य करून त्याने ती नोट अल्बममध्येच ठेवली आहे. मुळशीच्या पावसात कागद सांभाळणे सोपे नाही. जूनपासून दमट हवा भिंतींतून आत येते, कसर लागते, स्वस्त प्लॅस्टिकच्या पाकिटांना नोटा चिकटतात, म्हणून दसरा उलटल्यावर कोरडी हवा सुरू झाली की सर्व पाने उघडून सावलीत ठेवावी लागतात.

त्या दिवशी दोन्ही नोटा शेजारी येतात. निखर्वाच्या नोटेवर एकही घडी नाही, लाल-तपकिरी शाई ताजी आहे आणि कडा बोटाला लागतात. रुपयाची नोट घड्यांवर पांढरी पडली आहे, एका कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, आणि दुमडल्यावर ती बरोबर कनवटीला बसेल एवढीच होते.