काठीचा ढोल, खिशातला प्लेअर

कामानिमित्त माझं नंदुरबारहून धडगावला वरचेवर जाणं होतं. तळोदा मागे पडलं, चांदसैली घाट सुरू झाला की मोबाईलच्या रेंजचा भरवसा नसतो. गाणी ऐकायची तर ती खिशातच हवीत. माझा प्लेअर बोटभर लांबीचा, त्यातलं मेमरी कार्ड मोबाईलच्या दुकानातून भरून घेतलेलं. त्यात टिमली, म्हणजे इकडच्या आदिवासी भागातलं नाचाचं संगीत, सगळ्यात जास्त. टिमलीचा जीव ठेक्यात असतो, आणि नेमका तोच या प्लेअरवर हरवलेला. बासरी ऐकू यायची, गायकाचा शब्द न् शब्द कळायचा, ढोल मात्र दूर कुठेतरी टकटक करायचा.

दुकानातल्या पोरानं सांगितलं, ‘‘सर, बास फुल करून टाका ना.’’ सगळे हाच उपाय करतात, आणि सगळ्यांचा आवाज फाटतो. त्याला कारण आहे. इक्वलायझरची पट्टी तीन डेसिबलनं वर नेली की त्या पट्ट्यातल्या आवाजाला जवळपास दुप्पट वीज लागते. सहाला चौपट, नऊला आठपट. एवढ्याशा बॅटरीवरच्या एवढ्याशा ॲम्प्लिफायरनं ती आणायची कुठून? ढोलाची थाप शेंड्यावर सपाट कापली जाते आणि घुमण्याऐवजी खरखरते.

खरा फरक पडला तो इयरफोनची रबरी टोपणं बदलल्यावर. बरोबर आलेली टोपणं माझ्या कानाला लहान होती. बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर तिथून निसटतात, वरच्या सुरांना तिचा तेवढा उपद्रव होत नाही. थोडी मोठी, मऊ टोपणं घालून, कानाची पाळी वर ओढून ती नीट बसवली आणि घाटातल्या त्याच वळणांवर तीच टिमली पुन्हा लावली. ढोल आला! पट्टी शून्यावर असताना आला. नवा प्लेअर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी टोपणं बदलायला सांगतो, आणि आग्रहानं सांगतो.

त्यानंतर इक्वलायझरला हात लावला, पण उलट्या दिशेनं. अडीचशे ते चारशे हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज जरा खाली घेतला. ढोलाचा खर्ज त्याच्याही खाली असतो. मधली गर्दी त्याला झाकत होती. ती हटल्यावर ठेका मोकळा झाला आणि शब्दही स्पष्ट झाले. शिवाय आवाज अगदी हळू ठेवला तर आपल्या कानाला खर्ज कमीच ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून हळू ऐकताना खालची पट्टी जराशी वर, आणि आवाज वाढवला की पुन्हा जागेवर.

स्पीकरची गोष्ट वेगळी. साठ हर्ट्‌झच्या एका लाटेची लांबी साडेपाच मीटरहून अधिक असते. मुठीएवढ्या स्पीकरला एवढी हवा हलवता येत नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना लागून ठेवला तर खर्ज थोडा भरतो. पुष्कळ जण मोबाईल माठात ठेवतात. त्यानं आवाज मोठा होतो हे खरं, पण माठ स्वतःच्याच सुरात घुमतो आणि प्रत्येक ढोल सारखाच वाजायला लागतो. मला ते सहन होत नाही. एका पाड्याचा ढोल दुसऱ्या पाड्याच्या ढोलासारखा बोलत नाही, आणि तो वेगळेपणा ऐकण्यासाठीच तर ही सगळी खटपट आहे.

हे वेगळेपण मला काठीच्या राजवाडी होळीत कळलं. अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावी त्या रात्री ठिकठिकाणचे ढोल येतात, बावा-बुध्या म्हणून सजलेले लोक कमरेचे घुंगरू वाजवत नाचतात आणि होळी पहाटे पेटते. तिथे ढोल छातीला लागतो. मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग घरी ऐकलं तर नुसता भरडा. माईकवरच आवाज फाटला असेल तर पुढे कुठलीही पट्टी तो सांधू शकत नाही. पुढच्या होळीला छोटा रेकॉर्डर नेला, रेकॉर्डिंगची पातळी बरीच खाली ठेवली आणि ढोलांपासून लांब उभा राहिलो. फाईल वेव्हमध्ये, म्हणजे न दाबता घेतली. मिनिटाला दहा एमबी जागा लागते, तर 128 किलोबिटच्या एमपीथ्रीला साधारण एकच. कार्ड लवकर भरतं, भरू दे. दुकानातली एमपीथ्री गाणी या कार्डावरून त्या कार्डावर जशीच्या तशी गेली तर काही बिघडत नाही. जागा वाचवायला ती पुन्हा दाबली की प्रत्येक वेळी थोडं काहीतरी गळतं आणि ते परत येत नाही.

ते रेकॉर्डिंग मी धडगावकडच्या एका वयस्क ढोलवाल्या दादांना इयरफोन लावून ऐकवलं. टोपणं त्यांच्या कानाला बसेपर्यंत तीन जोड बदलले. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘‘तुम्ही कुठल्या बाजूला उभे होते?’’ मी सांगितलं. ढोलाच्या दोन तोंडांचा आवाज वेगळा, तुम्हाला एकच मिळाला, असं म्हणत त्यांनी जमिनीवर काडीनं गोल काढला, ढोलवाले कुठे असतात ते दाखवलं आणि मी कुठे उभं राहायचं तिथे फुली मारली. येत्या होळीला मी त्या फुलीवर असेन, रेकॉर्डरची बॅटरी पूर्ण भरून.