नुकसान कोणाच्या पदरीं?

मोलकरणीच्या हातून कपबशी फुटली, कीं महिनाअखेर तिच्या पगारांतून किंमत वळती करून घ्यावयाची, असा रिवाज आमच्या परिचयाच्या कित्येक सुशिक्षित घरांत आहे. ‘त्याशिवाय शिस्त लागत नाहीं,’ असें त्याचें समर्थनही ऐकूं येतें. तीच कपबशी सूनबाईंच्या हातून फुटली, तर ‘हाताला लागलें नाहीं ना?’ हा आपला पहिला प्रश्न असतो.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं या प्रश्नाचा फार बारकाईनें विचार केला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील स्वामी आणि गुराखी यांचा विवाद पाहावा. शेळ्यामेंढ्यांवर लांडगा आला असतां गुराखी धांवून गेला नाहीं, तर दोष त्याचा. परंतु कळप नीट एकत्र राखून रानांत चारीत असतां लांडग्यानें अकस्मात् झडप घातली, तर त्याजकडे दोष नाहीं. याज्ञवल्क्यानेंही भारवाहकाविषयीं हाच विवेक केला आहे. राजा किंवा दैव यांच्यामुळें नष्ट झालेल्या मालाची भरपाई त्यानें करावयाची नाहीं. नुकसान झालें, एवढ्यावरून चाकराचा दोष सिद्ध होत नाहीं, असा याचा अर्थ.

आम्हां केळापूरकरांस हा दृष्टांत केवळ पोथींतला वाटत नाहीं. लांडग्याच्या जागीं वाघ घातला, कीं झालें. टिपेश्वरचें अभयारण्य आमच्या शेजारींच; आणि अवनी म्हणून गाजलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरांत मारली जाईपर्यंत पांढरकवडा-राळेगाव भागांतील ढोरकी जीव मुठींत धरूनच रानांत जात. वाघानें गाय मारली, तर वनखातें पंचनामा करून मालकास भरपाई देतें. ती पदरांत पडल्यावर पुन्हां ढोरक्याच्या चराईंतूनही पैसे कापावयाचे, म्हणजे एका गाईची किंमत दोनदां वसूल करणें होय. ढोरक्याच्या भीतीची किंमत कोणीच धरीत नाहीं.

सरकारी कायद्यास हा विवेक सुचावयास पुष्कळ काळ लागला. मुंबईच्या गिरण्यांत कापड बिघडलें, कीं तें विणकराच्याच गळ्यांत मारून त्याची किंमत मजुरींतून कापीत. सूत कच्चें होतें कीं माग जुना होता, हें विचारतो कोण? १९२९ सालीं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं शाही कामगार आयोग नेमला गेला. त्यांत आपले ना. म. जोशी होते. आयोगाचा अहवाल १९३१ सालीं आला आणि १९३६ सालीं वेतन प्रदान कायदा झाला. कामगाराच्या हवालीं स्पष्टपणें केलेला माल त्याच्याच हयगयीमुळें बिघडला वा हरवला, तरच कपात; तीही नुकसानीहून अधिक नाहीं; आणि कापण्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे, अशीं बंधनें या कायद्यानें घातलीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेनेंही तीं कायम ठेविलीं आहेत.

यांतील ऐकून घेण्याची अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कपाचा कान आधींच तडकलेला होता, मोरी निसरडी होती, दोन घरचीं कामें उरकून ती तिसऱ्या घरीं धांवत आली होती, हें तिनें सांगावयाचें कोणास? शिवाय किंमत लावतांना दहा वर्षें वापरलेला कप नव्याच्या भावानें धरतात! परिणाम असा होतो, कीं पुढच्या खेपेस ती तुकडे पदराआड नेऊन टाकते, आणि आपण तिला लबाड ठरवितों. १९३६ चा कायदा मुळांत कारखाने आणि रेल्वे यांच्यासाठीं होता. मोलकरीण त्यांत नव्हती. महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा झाला, परंतु तो साहाय्याचा. फुटक्या कपाचा निवाडा तो करीत नाहीं. तेव्हां स्वयंपाकघरांत फिर्यादीही आपण आणि न्यायाधीशही आपणच.

कापसाचा व्यापारी घट गृहीत धरूनच भाव बांधतो. आमच्या परिचयाच्या एका गृहिणीनें तीच युक्ति संसारांत आणिली असून जमाखर्चाच्या वहींत ‘फूटतूट’ असें एक सदर घातलें आहे. कोणाच्या हातून काय फुटलें, तें त्यांत लिहावयाचें. पगारास हात लावावयाचा नाहीं. गेल्या वर्षीं त्या सदरांत सर्वांत मोठी रक्कम यजमानांच्या नांवें पडली. चष्म्यावर बसले होते.