५३० म्हणजे नेमकं काय चुकलं?

लग्नसराईत घाटंजीतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात पत्रिकांपेक्षा अल्बमचं काम जास्त असतं. पारवा, आर्णी, पांढरकवडा अशा ठिकाणचे फोटोग्राफर फोटो पाठवतात आणि मी पानं लावते. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबून बारीक झालेला असतो, मोठ्या पानावर लावला की नवरीच्या शालूची जर पार पुसून जाते. पेनड्राइव्ह एसटीने पाठवण्याचा खटाटोप वेगळाच. म्हणून अमरावतीला शिकणाऱ्या भाच्याने दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उबंटू लिनक्स टाकून फाइली थेट घेणारा एफटीपी सर्व्हर उभा केला. ब्रॉडबँडवाल्याकडून कायमचा आयपी घेतला, राउटरवर लागणारे पोर्ट उघडले. प्रत्येक फोटोग्राफरला पाहुणा म्हणून वेगळं नाव आणि पासवर्ड दिला. भाचा परीक्षेला परत गेला आणि फोन सुरू झाले.

"वयनी, पासवर्ड चुकला म्हणून राह्यलं हे."

"नीट टाकला का?"

"अक्षर न् अक्षर पाहून टाकलं ना!"

समोर यायचं ते एकच, ५३०, लॉगिन चुकीचं. नाव चुकलं, पासवर्ड चुकला की आतली एखादी सेटिंग, हे सर्व्हर मुद्दामच सांगत नाही. चोराला अर्धी माहितीही मिळू नये म्हणून. तत्त्व मला पटतं, पण कॅमेरा गळ्यात घालून मांडवाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ते कसं पटवायचं?

खरं उत्तर सर्व्हरच्या पोटात असतं. ऑथ लॉग नावाची फाइल उघडली तर तिथे स्पष्ट लिहिलेलं: पासवर्डांचा डेटाबेस उघडता येत नाही. या पाहुण्यांची नावं लिनक्सच्या खऱ्या वापरकर्त्यांत नसतात, वेगळ्या डेटाबेस फाइलमध्ये असतात, आणि तपासणी पॅम नावाची यंत्रणा करते. तिच्या सेटिंगमध्ये फाइलचा पत्ता शेवटचं 'डॉट डीबी' वगळून लिहायचा असतो, ते शेपूट ती स्वतःच जोडते. आमच्याकडे ते आधीच लिहिलेलं होतं. काढलं. ५३० गेलं.

मग ५०० आलं, पुढे 'ऊप्स'. व्हीएसएफटीपीडी हा सर्व्हर पाहुण्याला त्याच्या फोल्डरात कोंडतो, याला च्रूट म्हणतात. कोंडलेल्या खोलीच्या मुळातच लिहायची परवानगी असेल तर तो पाहुण्याला आतच घेत नाही. हा कडकपणा २०११ च्या सुमारास आला, आणि त्यानंतर तो सैल करणारी सेटिंगही आली. इंटरनेटवर जो तो तीच सेटिंग चालू करा म्हणतो. मी केली नाही. मुळाचं फोल्डर लिहिण्यापासून बंद ठेवलं, आत दुसरं एक केलं, त्याला लिहायची मुभा दिली आणि नाव ठेवलं 'इथे टाका'.

आता दार उघडलं, तरी फोटो चढेनात. ५५०, परवानगी नाही. हे कोडं मला सगळ्यात जास्त आवडलं. आपण नावानिशी बोलावलेल्या पाहुण्याला हा सर्व्हर हक्क मात्र बिनओळखीच्या माणसाइतकेच देतो. ओसरीवर बसा, पाणी प्या, माजघरात येऊ नका. 'व्हर्च्युअल यूज लोकल प्रिव्ह्ज' ही सेटिंग 'यस' केली की तो घरचा होतो.

तरीही एक उरलंच. फोटो चढले, फोल्डरात दिसले, पण मला उघडेनात! चढलेल्या फाइलवर सर्व्हर मूळ सेटिंगप्रमाणे ६०० ची परवानगी लावतो. म्हणजे ज्या खात्याने लिहिली त्यानेच वाचायची, आणि ते खातं सर्व्हरचं, माझं नव्हे. 'लोकल उमास्क' ०७७ चं ०२२ केलं आणि शालूची जर दिसली.

या एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. तेव्हा मोजकी कॉम्प्युटरं आणि ओळखीची माणसं, त्यामुळे नाव, पासवर्ड सगळं उघडंच तारेवरून जायचं. साध्या एफटीपीत अजूनही तसंच जातं. २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने आपल्यातून एफटीपी काढून टाकलं, म्हणून आमच्या फोटोग्राफरांना फाइलझिला हा वेगळा प्रोग्रॅम शिकवावा लागला. एकाने विचारलंच, "काहून वयनी, लिंक दाबली की उघडत नाही का?"

पासवर्ड उघडा जातो हे मात्र मनाला लागलं. सुट्टीत भाचा आला की पासवर्ड झाकून नेणारं एसएफटीपी लावायचं ठरलंय. तिथेही कोंडायच्या फोल्डरचा मालक रूट हे मुख्य खातंच हवं आणि बाकी कुणाला लिहिता येऊ नये, असा नियम आहे. म्हणजे 'इथे टाका' तसंच राहील. आणि काहीजण फोटो बाहेरच टाकायला जाऊन 'परवानगी नाही' असं उत्तर घेतील, मग मला फोन करतील, तेही राहील.