बांधून घेणारा राजा

क्रीट बेटावरचं ड्रेरॉस. इ.स.पू. 650च्या सुमारास तिथल्या देवळाच्या भिंतीवर कायदा कोरला गेला: एकदा मुख्य अधिकारी झालेल्यानं पुढची दहा वर्षं त्या पदावर यायचं नाही. ग्रीकांच्या उपलब्ध कायद्यांतला हा सर्वांत जुन्यांपैकी एक, आणि त्यानं बांधलं ते सत्ताधाऱ्यालाच.

त्याआधी रिवाज सरदारांच्या तोंडी आणि निवाडाही त्यांच्याच हाती. नजराणे खाऊन न्याय फिरवणाऱ्यांवर कवी हेसिअड चिडला होता तो यामुळेच. पुढे अथेन्समध्ये ड्रॅकोनं कायदे लिहिले, ते फार कडक. इ.स.पू. 594मध्ये सोलोननं त्यातला खुनाचा तेवढा ठेवला आणि कर्जापायी माणूस गुलाम करायची चाल मोडली.

आपल्याकडे पूर्वी गोतसभेचा, म्हणजे गावकरी-वतनदारांच्या न्यायसभेचा, निवाडा महजर नावाच्या कागदावर उतरायचा. खाली साक्षी, पाटलाच्या नावाशी नांगराची निशाणी. पण तो कागद त्या एका तंट्यापुरता. 1827मध्ये आर्थर स्टीलनं दख्खनचे रिवाज गोळा करून छापले, ते कंपनीच्या कामासाठी.

सत्तेला बांधणारा कायदा यांतला एकही नव्हे. म्हणून औंधचं मोल मला फार वाटतं. आज मुख्यतः सातारा-सांगलीत विभागलेलं, बहात्तर खेड्यांचं ते संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 21 जानेवारी 1939ला स्वराज्याची घटना लागू करून आपले अधिकार प्रजेला दिले. मसुद्यामागे गांधीजी, मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पा पंत. गावानं पंचायत निवडायची, तिथून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा. वारसाहक्कानं आलेली सत्ता लेखी सोडणारे किती सापडतील?

मतदाराला लिहिता-वाचता यावं, ही अट गांधीजींना मोलाची वाटली. मला ती अर्धीच पटते. लेखी कायदा वाचता आला पाहिजे, हे खरं. पण शाळाच न पाहिलेल्या बायाबापड्यांनी तोवर थांबायचं का?

1939मध्येच औंध संस्थानातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैदी तिथं कुटुंबासह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची कथा तिथूनच आली. ती लिहिणारे गदिमा याच मुलखातले.

8 मार्च 1948ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. औंधचं संग्रहालय पाहायला लोक आवर्जून जातात. जमलं तर तिथून आटपाडीकडे वळा, स्वतंत्रपूर पाहा आणि मुलांना औंधच्या स्वराज्याच्या घटनेविषयी सांगा.