सलाम सायकलीला की किमतीला?

लखनौच्या गोमतीनगरात एका लग्नाचा स्वागतसमारंभ होता. हिरवळीवर रोषणाई, फाटकाशी मोटारींची रांग आणि गाड्या नेऊन लावणारी गणवेशातली पोरे. त्या रांगेत शेवटच्या मोटारीमागे एक मराठी गृहस्थ उभे होते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगात कोट, उजव्या पायाच्या विजारीला क्लिप आणि हातात सायकल. त्यांची पाळी आली तेव्हा दरवानाने आधी सायकलकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"साइकिल पीछे लगाइए, कामवालों की तरफ," तो म्हणाला. शहर लखनौ, म्हणून 'लगाइए'. अर्थ मात्र स्पष्ट होता.

ते मुकाट्याने मागे वळले. तेवढ्यात ओळखीच्या एका पाहुण्याने हसत हसत दरवानाला सांगितले, की या सायकलीची किंमत ऐंशी हजार रुपये आहे. दरवान क्षणभर गोंधळला. मग टाचा जुळवून त्याने खणखणीत सलाम ठोकला आणि मोटारींच्या शेजारी सायकलीसाठी जागा करून दिली.

मागे पाठवले याचा त्यांना फारसा राग आला नव्हता. राग आला तो सलामाचा.

"मघाशी मी जो होतो तोच नंतरही होतो," घरी आल्यावर ते पत्नीला म्हणाले. "सायकलही तीच. तिथे कुणी माझ्याशी बोललंच नाही. आधी तो सायकलीशी बोलला आणि मग तिच्या किमतीशी!"

मते भरपूर

वसाहतीत त्यांना 'पहाडी साइकिल वाले भाईसाहब' म्हणतात. त्यात थोडी थट्टाही आहे. लखनौ पसरलेले आहे गोमतीकाठच्या सपाट मैदानात. डोंगर सोडाच, नाव घ्यावे अशी टेकडीही जवळपास नाही. तिथे पहाडी सायकल कशाला, असे शेजारी विचारतात. ते मूळचे पुण्याचे. सिंहगडाचा घाट चढत मोठे झाले आणि नोकरीमुळे लखनौला आले. रविवारी पहाटे ते कुकरैलच्या जंगलाकडे जाऊन येतात. वर्षातून दोनदा सायकल बांधून रात्रीच्या गाडीने काठगोदाम गाठतात आणि भीमतालचा चढ चढून पुढच्या पायवाटांना लागतात.

त्यांच्याकडे मतांचा तुटवडा नाही. पहिले मत त्यांच्याच सायकलीविरुद्ध आहे. शहरात पहाडी सायकल घेऊ नये, असे ते येईल त्याला सांगतात. "पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर डोंगरात हाडं वाचवतो, पण सपाट रस्त्यावर तुमच्याच पायांची ताकद गिळतो. रुंद, दातेरी टायर चिखलात पकड देतात आणि डांबरावर ब्रेक लावल्यासारखे चालतात. गावात फिरायचं तर साधी सायकल घ्या. तिला मडगार्ड हवा, कॅरिअर हवा आणि घंटा हवी."

दुसरे मत सीटबद्दल. आपल्याकडे बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात. पायडल अगदी खाली गेले असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, गुडघ्यात किंचित बाक राहावा, ही त्यांची शिकवण. वसाहतीतल्या निम्म्या सायकलींच्या सीटा त्यांनी स्वतः पाना घेऊन वर केल्या आहेत.

मोटारींचा विषय निघाला की मात्र त्यांचा आवाज चढतो. एक मोटार उभी राहते तेवढ्या जागेत दहा सायकली मावतात. बहुतेक वेळा मोटारीत माणूस एकटाच असतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस घरांत सायकल होती आणि पाच घरांतही मोटार नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशातल्या सुमारे तीन चतुर्थांश घरांत सायकल आढळली. "तरी रस्ता कुणाचा? हॉर्न वाजवणाऱ्याचा! या शहरानं जगाला 'पहले आप' शिकवलं म्हणतात. चौकात येऊन बघा, सगळे 'पहले मैं'!"

आणि या सगळ्याचे मूळ त्यांच्या मते एकच, आपली राष्ट्रीय वृत्ती. माणूस कसा आहे हे आपण विचारत नाही, कशातून उतरला ते बघतो.

वडिलांची क्लिप

हा राग कुठून आला, हे त्यांच्या विजारीच्या क्लिपवरून कळते. ती क्लिप त्यांच्या वडिलांची.

वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत त्या काळची गोष्ट. सकाळी भोंग्याआधी हजारो कामगारांचा लोंढा सायकलींवरून खडकीच्या रस्त्याला लागे. सायकलीला कराचा पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कुणाला डबलसीट घेतले तर पोलीस हटकत. वडिलांची उभी हयात त्या सायकलीवर गेली. स्कूटरसाठी नंबर लावला होता, पण तो लागायला तेव्हा वर्षानुवर्षे लागत. लागला तेव्हा मुलीचे लग्न ठरले होते, पैसे तिकडे गेले.

वडिलांना सायकलीचे वैषम्य नव्हते. पण कुणाच्या लग्नाला जायचे असले की ते सायकल शेजारच्या गल्लीत लावत, क्लिप काढून खिशात टाकत, विजारीची घडी हाताने सरळ करत आणि कार्यालयापर्यंत पायी जात. बरोबर असलेल्या मुलाने एकदा विचारले, "बाबा, इतक्या लांब का लावली?" वडील म्हणाले, "तिकडं गर्दी असते रे."

गर्दी नव्हती. मुलाला ते तेव्हाच कळले होते. आता तो मुलगा लग्नाला सायकलीवर जातो, फाटकापर्यंत जातो आणि क्लिप काढत नाही.

पहाडी सायकलीचा इतिहास ते रंगवून सांगतात, त्याचेही कारण हेच. ही महागडी सायकल कुण्या श्रीमंताच्या कारखान्यात जन्मली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस या डोंगरावरून काही तरुण जुन्या, जड, भंगारातून आणलेल्या सायकली खाली पिटाळत. उताराने ब्रेक इतके तापत की मागच्या चाकाच्या हबमधले ग्रीस जळून जाई आणि दरवेळी नवे भरावे लागे. त्यावरूनच १९७६ मध्ये त्या भागात सुरू झालेल्या शर्यतीचे नाव 'रीपॅक' पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही त्या मंडळींतली नावे पुढे सायकलीच्या व्यवसायात गाजली. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. "म्हणजे बघा," ते म्हणतात, "माझ्या सायकलीची आजी आणि आपल्या दूधवाल्याची सायकल एकाच जातकुळीतल्या!"

घरातला प्रश्न

इथवर सगळे ठीक होते. मग एका रात्री जेवताना त्यांची तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून शाळेत सायकलनं जाते."

शाळा चार किलोमीटरांवर. मुलगी रोज जात होती ती मोटारीने. होय, त्यांच्या घरी मोटार आहे. लहान, जुनी, पण मोटारच. कचेरीला जाताना मुलीला शाळेत सोडायचे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

"नाही," ते म्हणाले. विचार न करता, लगेच.

ताटावर शांतता पसरली. मग त्यांनी कारणे दिली. पत्रकारपुरमच्या चौकातली वाहतूक. वळताना न बघणाऱ्या गाड्या. उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. हे आकडे त्यांना पाठच होते. इतके दिवस ते सरकारला ऐकवायचे, आज मुलीला ऐकवले.

पत्नीने शांतपणे विचारले, "मग सकाळी त्याच चौकातून जे दूधवाले, गवंडी, रंगारी सायकलनं जातात, त्यांची घरी कुणी वाट बघत नाही का? आणि तुझी मतं फक्त रविवारच्या सायकलीपुरती आहेत का?"

त्यांच्याकडे उत्तर नव्हते. बाप म्हणून ते चुकले होते असेही नाही. भीती खरी होती. पण एवढे भांडून, एवढे बोलून आपणही त्याच रांगेत मोटार घेऊन उभे आहोत, हे त्यांना त्या रात्री पहिल्यांदा नीट दिसले.

रक्तात नव्हतेच

लखनौला सायकलीचे रस्ते मिळालेच नाहीत असे नाही. अखिलेश यादव मुख्यमंत्री असताना, २०१२ ते २०१७ या काळात, शहरात सायकलींसाठी वेगळ्या पट्ट्या बांधल्या गेल्या. २०१६ मध्ये इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरांचा सायकलमार्गही झाला. पण सायकल ही त्यांच्या पक्षाची निवडणूक निशाणी. त्यामुळे पट्टीकडे रस्ता म्हणून कमी आणि जाहिरात म्हणून जास्त पाहिले गेले. २०१७ मध्ये सरकार बदलले. पट्ट्यांवर कुठे मोटारी उभ्या राहू लागल्या, कुठे ठेले लागले. दोष एकट्या सरकारचा म्हणावा, तर पट्टीवर मोटार लावणारे कोण होते? वसाहतीतलेच सभ्य लोक.

"आपल्या लोकांत ती वृत्तीच नाही," ते नेहमीप्रमाणे म्हणाले. "हॉलंडमध्ये बघा. मार्क रुट्टे पंतप्रधान होते तेव्हा कचेरीत सायकलवरून जायचे. त्यांच्या रक्तातच आहे ते."

या वेळी मुलीने त्यांना थांबवले. आईच्या प्रश्नापासून ती गप्प बसली नव्हती, वाचत होती. "बाबा, रक्तात नव्हतं," ती म्हणाली.

आणि खरेच नव्हते. १९५० आणि ६० च्या दशकांत हॉलंडमध्येही मोटारींचे वेड शिरले होते. रस्ते रुंद झाले, सायकली कमी होत गेल्या. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेला जाताना मोटारीच्या धडकेने गेली. १९७२ मध्ये त्याने लेख लिहिला, मथळा होता 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यांवर उतरले, त्यांनी रस्ते अडवले. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले आणि काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा रस्ते मोकळे कसे दिसतात हे लोकांना आठवले. पुढे वर्षानुवर्षे एकेक चौक, एकेक गल्ली बदलत गेली. आज तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत.

म्हणजे आधी वृत्ती आणि मग रस्ता, असे घडले नव्हते. आधी रस्ता बदलला, वृत्ती मागून आली. आपल्या शेजारच्या बिहारचीही साक्ष आहे. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे दिसले. मुलीने एकटीने सायकल चालवत परगावी जाणे जिथे चर्चेचा विषय होता, तिथे मुलींचे थवेच निघाले, आणि मग चर्चा करणार कोण? पुण्याचेही तेच झाले, उलट दिशेने. सायकलींचे शहर एका पिढीत स्कूटरींचे झाले. तिथेही रक्त बदलले नव्हते.

चार किलोमीटर

पुढचे तीन रविवार ते कुकरैलला गेले नाहीत. मुलीला घेऊन शाळेचा रस्ता शोधत राहिले. पत्रकारपुरमचा चौक टाळायचा, वसाहतींच्या आतल्या गल्ल्या धरायच्या. अंतर अर्धा किलोमीटर वाढले, पण मोठा रस्ता एकदाच ओलांडावा लागतो. कुठे ओलांडायचा, कुठे उतरून सायकल हातात धरायची, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडेल म्हणून किती अंतर राखायचे, हे सगळे त्यांनी तिच्याकडून गिरवून घेतले. तिच्यासाठी साधी सायकल आणली. मडगार्ड, कॅरिअर, घंटा आणि मागे लाल दिवा. सीट अर्थात त्यांनीच वर केली.

पहिला महिना ते रोज तिच्या मागून गेले, कोट घालून, क्लिप लावून. चार-साडेचार किलोमीटरांना वीस मिनिटे लागली. मोटारीलाही, चौकातला खोळंबा धरून, तेवढीच लागत होती. आता ती मोठा रस्ता ओलांडेपर्यंतच ते बरोबर असतात. तिथून तिचा पाठमोरा लाल दिवा गल्लीत वळेपर्यंत थांबतात आणि मग कचेरीची वाट धरतात. भीती गेलेली नाही. ती रोज सकाळी त्या वळणावर त्यांच्याबरोबर उभी असते.

शाळेच्या स्टँडवर पहिल्या दिवशी दोनच सायकली होत्या, एक शिपायाची आणि एक माळ्याची. तिची तिसरी. या महिन्यात तिथे सहा आहेत. नव्या तिन्ही तिच्या मैत्रिणींच्या.

पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराने तिची सायकल कौतुकाने न्याहाळली आणि विचारले, "बिटिया, कितने की है?"

"अंकल," ती म्हणाली, "चलती अच्छी है।"

हे तिने रात्री घरी सांगितले. 'पहाडी साइकिल वाले भाईसाहब' त्यावर काहीच बोलले नाहीत. इतकी मते असलेल्या माणसाच्या बाबतीत ही दुर्मिळ गोष्ट म्हणायला हवी.