तुळा आणि तोल

देवळात तुळाभार चालला की आमची दृष्टी हटकून दांडीकडे जाते. एका पारड्यात नवस फेडणारा, दुसऱ्यात गूळ, नारळ किंवा तांदूळ. दांडी सम झाली की भार देवाला पोचला. त्या भारात मांस किती अन् मेद किती, हे देव विचारीत नाही. माणसाला मात्र ते विचारावे लागते, हे आम्हांला फार उशिरा उमजले.

आमचे बिऱ्हाड चांदनीचे. जवळच्या नेपानगरची कागद गिरणी 1956 साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. तिच्या चाकरीतच आमची उमेद सरली. निवृत्तीनंतर पोट सुटले. डॉक्टरांनी वजन उतरवा म्हटले आणि आम्ही चातुर्मासाचे निमित्त साधले. एकादशी होतीच, तिला रोजचे एकभुक्त जोडले, डाळ-दूधही सोडले. पहिल्याच आठवड्यात काटा तीन किलोंनी उतरला, सात आठवड्यांत नऊ किलोंनी! सैल झालेल्या धोतराचा कोण अभिमान वाटला! पण श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी असीरगडाच्या महादेवाला निघालो, तो अर्ध्या चढणीतच पाय लटपटले. मुलाच्या खांद्याला धरून खाली उतरलो. दर्शन राहिले.

पुढे पुण्यास 'डेक्सा' नावाच्या क्ष-किरण यंत्राखाली निजण्याचा योग आला. हे यंत्र हाडे, मेद आणि उरलेले शरीर यांचा निरनिराळा हिशेब मांडते. मेद अजून भरपूर होता. मांसच झडले होते.

तसे हे नवल नव्हे. यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. उपास घडला की साखर आधी सरते, तिच्यासवे पाणी जाते, आणि आपण समजतो चरबी वितळली! एक किलो मेद जाळावयास सुमारे 7700 कॅलरींची तूट लागते. ती आठवड्यात फार तर अर्ध्या-एक किलोपुरती साधते. घाई केली की शरीर स्नायूंनाही हात घालते. घरगुती काट्यातून अंगात सोडलेली सूक्ष्म वीजही पाण्याच्याच वाटेने धावते. म्हणून कोरड्या उपाशी अंगात तो काटा मेद फुगवून सांगतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आपली छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3; मेद मात्र यडकिनांचा शेकडा 9.1 आणि याज्ञिकांचा 21.2! आपल्याकडचा सडपातळ देहही आत मेद बाळगून असू शकतो, तो असा.

आणि गंमत अशी की, हा धडा आम्ही आयुष्यभर गिरणीत गिरवीत होतो! कागद तोलताना त्यातली ओल किती, हे आधी पाहावे लागते. नमुना भट्टीत 105 अंशांवर वाळवून पुन्हा तोलावयाचा. जे घटले ती ओल. कागदाला लावलेला न्याय स्वतःच्या देहाला लावावयाचे आम्हांला सुचले नाही.

आता एकादशी आहे, पण द्वादशीला डाळ-दूधही आहे. रोज फेरी आणि थोडी उठबस करतो. कमरेला महिन्यातून एकदा, सकाळी अनशापोटी, फीत लावतो. पुरुषाला 90 आणि स्त्रीला 80 सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. काटा सावकाश उतरतो आहे.

गेल्या श्रावणात असीरगड चढलो. कोणाच्या खांद्याची गरज लागली नाही.