फारा गावची होळी

सांत आंतोन म्हटले की आपल्याला शिवोलीची इगर्ज आठवते. इटलीच्या अब्रुत्सो प्रांतातल्या फारा फिलिओरुम पेत्री या लहानशा गावाचा आंतोन मात्र वेगळा. इजिप्तचा तपस्वी, गुराढोरांचा राखणदार. १७ जानेवारी ही त्याची तिथी, आदल्या संध्याकाळी होळ्या पेटतात. प्रत्येक वाड्याची बोरूची मोळी स्वतंत्र, आठ-नऊ मीटर उंच, तांबड्या वाळुंजाच्या फांद्यांनी आवळलेली. ती दोर-शिड्या लावून उभी करतानाचा आरडाओरडा थेट आपल्या शिमग्यातला!

१७९९ साली फ्रेंच सैन्य चालून आले, तेव्हा संताने ओक वृक्षांच्या ज्वाळा करून गाव राखले, अशी आख्यायिका. इतिहासकार काय म्हणायचे ते म्हणोत. मी मोळ्या बांधणाऱ्या म्हाताऱ्यांकडेच बघत राहिलो. पोरांनी मारलेली सैल गाठ ते सोडायला लावत, पुन्हा बांधून घेत. एका रात्रीत जाळायचेच होते, तरी!